राजश्री नाना फडणीस यांसी

राजश्री बाळाजी जनार्दन भानू ऊर्फ नाना फडणीस यांसी,


साडेतीन शहाण्यांत तुम्हाला अर्धे धरले गेले. सखारामबापू बोकील, निजामाकडचे विठ्ठल सुंदर आणि नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे हे पुरे शहाणे, कारण ते मसलतही करत आणि वेळ आली तर घोड्यावरही बसत. तुम्ही लढवय्ये नव्हता, म्हणून अर्धे. पण विठ्ठल सुंदर १७६३ मध्ये राक्षसभुवनाच्या लढाईत पडले, बापू तुमच्याच कैदेत रायगडावर वारले, आणि तुम्ही मात्र नारायणरावांच्या खुनानंतरची जवळजवळ पंचवीस वर्षे पुण्याच्या दौलतीची सूत्रे हातात ठेवलीत. फौज तुमची नव्हती. गादी तुमची नव्हती. तरीही शिंदे असोत, होळकर असोत, निजाम असो की मुंबईकर इंग्रज, पुण्यात काही घडवून आणायचे तर आधी तुमचे मन वळवावे लागे.

हे कसे साधले आणि त्याची किंमत कुणी मोजली, याबद्दल मला तुमच्याशी बोलायचे आहे. दुसऱ्यावर छाप कशी पाडावी, वरिष्ठांना आपल्या बाजूला कसे ओढावे, प्रतिस्पर्ध्याला न दुखावता बाजूला कसे सारावे, हे शिकवणारी पुस्तके आज भराभर खपतात. ती वाचणारी तरुण मुले-मुली मला भेटतात, हुशार असतात, आणि त्या नियमांवर त्यांचा विश्वास असतो. मी त्यांना तुमचे चरित्र वाचायला सांगते. ती पुस्तके फक्त जमेची बाजू दाखवतात. तुमच्या आयुष्यात खर्चही नोंदलेला आहे, आणि तो कुणाच्या नावे पडला तेही.

तुमच्या सावधपणाचे मूळ पानिपतात आहे, असे मला नेहमी वाटते. १४ जानेवारी १७६१ ला तुम्ही जेमतेम एकोणिसाव्या वर्षात होता. आई आणि पत्नी बरोबर. एका दुपारी भाऊसाहेब गेले, विश्वासराव गेले, लाखाची छावणी उधळली. पत्नी वाचली, आईची पुन्हा भेट झाली नाही. तुम्ही पायी, उपाशीतापाशी, ओळख लपवत दक्षिणेकडे आलात आणि पुढे आत्मचरित्रात ते सगळे, स्वतःच्या दोषांसकट, लिहून ठेवलेत. जे एवढे भक्कम दिसत होते ते एका दिवसात कोसळताना ज्याने पाहिले, त्याने पुढे जन्मभर काहीच दैवावर किंवा दुसऱ्याच्या शब्दावर सोडले नाही, यात नवल नाही.

म्हणूनच १७७३ साली तुम्ही तयार होता. ३० ऑगस्टला, ऐन गणेशोत्सवात, शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांना मारले. त्यांचे काका राघोबादादा पेशवे झाले आणि फौज घेऊन दक्षिणेत निघाले. तेव्हा तुम्ही कारभारी एकेक सबब सांगून त्यांच्या छावणीतून परतू लागलात. कुणी उघड बंड केले नाही, कुणी दादांना तोंडावर काही बोलले नाही. माणसे फक्त एकेक करून निघून गेली, आणि दादांच्या लक्षात येईपर्यंत पुण्याचा कारभार तुम्हा कारभाऱ्यांच्या, म्हणजे बारभाईंच्या, हातात गेला होता. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. जानेवारी १७७४ मध्ये त्यांना पुरंदरावर हलवून चोख पहारा बसवलात. मार्चमध्ये बारभाईंचे सेनापती त्रिंबकराव पेठे कासेगावला लढताना कामी आले, तेव्हा सारा डाव फसतो की काय असे झाले होते. १८ एप्रिलला मुलगा झाला आणि चाळीस दिवसांच्या त्या बाळाला पेशवाईची वस्त्रे मिळाली.

नाना, ही मसलत मला आजही पूर्ण योग्य वाटते. खुन्यांच्या हातात राज्य जाऊ नये म्हणून जे करायला हवे होते ते तुम्ही सर्वांनी केलेत. त्या बाळाभोवती पहारा नसता तर ते जगले नसते. हा पहारा लक्षात ठेवा, मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

पुढच्या वर्षांत तुमचे बळ कागदातून आले. हुजूर दफ्तरात दोनशेहून जास्त कारकून काम करत, आणि त्यातला फड तुमचा. सनद, इनाम, सरंजाम, नेमणूक, कुणाला काय द्यायचे आणि कुणाकडून काय येणे, असा प्रत्येक कागद फडावरून जाई. सरदाराने मुलूख जिंकला तरी त्याचा हिशेब पुण्याला दाखवावा लागे, घोड्यांची हजेरी द्यावी लागे. मामलेदाराच्या कचेरीत सरकारने नेमलेले दरखदार बसत, दिवाण, मुजुमदार, फडणीस वगैरे, आणि त्यांना काढून टाकायचा अधिकार मामलेदाराला नसे. ही व्यवस्था तुम्ही निर्माण केलेली नव्हती. ती आधीपासून होती आणि थोरल्या माधवरावांनी ती कसून चालवली होती. जमाखर्च तपासण्यासाठी केलेली सोय माणसे ताब्यात ठेवायलाही किती कामाची आहे, हे मात्र तुमच्याइतके कुणी ओळखले नाही. महादजी शिंदे उत्तरेत बादशहाचे कर्तेधर्ते झाले, तरी पुण्याशी त्यांची तक्रार अखेरपर्यंत हिशेबाची राहिली. मोहिमांचा खर्च कुणी सोसायचा, वसुली किती झाली, बाकी किती निघते. दिल्ली ज्याच्या मुठीत होती तो माणूस पुण्याच्या दफ्तराला खुलासे देत बसला होता.

बातमीचेही तसेच. हैदराबादेत गोविंदराव काळे, दिल्लीत हिंगणे. तुमच्या वकिलांची पत्रे मोडीतून वाचायला बसले की तासन्‌तास जातात. दरबारात कोण कुणाच्या शेजारी बसला, कुणाची प्रकृती बिघडली, कुठली पलटण कुठे निघाली, सगळे त्यांत असते. हे सगळे एकाच माणसाच्या चौकीवर येऊन पडत होते. इतरांकडे बातमीचा एखादा तुकडा असे. पूर्ण चित्र फक्त तुमच्यासमोर असे, आणि समोरच्याला त्यातले किती दाखवायचे ते तुम्ही ठरवत होता.

परस्परांच्या भीतीचा तुम्ही जो उपयोग केलात तो दोन्ही बाजूंनी कापणारा निघाला. १७७७ मध्ये सेंट लुबिन नावाचा फ्रेंच पुण्यात आला. त्याच्यामागे म्हणावी अशी फौज नव्हती, पण पुण्यात त्याची जी बडदास्त राहिली तिने इंग्रजांच्या पोटात गोळा आला. ही धास्ती तुम्हाला हवी होती. पण तिच्याच भरात मुंबईकर इंग्रज त्यांच्या आश्रयाला गेलेल्या राघोबांना घेऊन बोरघाट चढून आले. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला त्यांना गुडघे टेकावे लागले, हे खरे, पण त्यानंतरही १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत युद्ध चाललेच. त्या युद्धात तुम्ही निजाम, हैदर आणि नागपूरकर भोसले यांची मोट बांधलीत. ही तिन्ही माणसे एकमेकांचे तोंड पाहायला तयार नसत. प्रत्येकाला काय हवे आहे आणि कशाची भीती आहे हे नेमके ठाऊक असल्याशिवाय अशी मोट बांधता येत नाही. त्या काळात हिंदुस्थानात हे दुसऱ्या कुणाला जमले असते असे मला वाटत नाही.

घाशीराम कोतवालाबद्दल थोडेच लिहिते. विजय तेंडुलकरांच्या नाटकाने १९७२ मध्ये तुम्हाला ज्या रूपात रंगमंचावर आणले त्यावरून पुण्यात रण माजले. त्या वादात मी पडत नाही. नाटक बाजूला ठेवले तरी १७९१ चा ऑगस्ट उरतोच. कोतवालाने तेलंगी ब्राह्मणांना एका कोंदट जागेत डांबले, वीसहून अधिक जण गुदमरून मेले, शहर खवळले, आणि तुम्ही घाशीरामाला जमावाच्या हवाली केलेत. लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. हैदराबादेतली कुजबुज ज्याच्या कानावर येत होती त्याला स्वतःच्या पुण्यातल्या कोतवालाचा जुलूम वर्षानुवर्षे ठाऊक नव्हता, हे पटत नाही. माणूस उपयोगी होता म्हणून ठेवलात, निरुपयोगी झाला तेव्हा सोडलात. सत्तेच्या पुस्तकांत ही युक्ती मोठ्या कौतुकाने सांगितलेली असते.

त्याच पुण्यात, त्याच काळात, रामशास्त्री प्रभुणेही होते. त्यांच्याकडे ना बातमीदार, ना दरखदार. नारायणरावांच्या खुनाचा दोष राघोबांच्या पदरात घालून ते पुणे सोडून वाईजवळच्या गावी जाऊन राहिले. बारभाईंचा कारभार सुरू होताच त्यांना मानाने परत बोलावण्यात आले. तुम्हालाही त्यांची गरज होती. कारण त्यांनी 'बरोबर' म्हटलेले लोक बरोबर मानत, आणि तसे वजन फडातून मिळत नव्हते. १७८९ मध्ये ते गेले. त्यानंतर तुम्हाला तोंडावर 'हे चूक आहे' असे सांगणारा, आणि ज्याचे ऐकणे तुम्हाला भाग पडेल असा, दुसरा माणूस पुण्यात उरला नाही.

आता त्या पहाऱ्याकडे येते.

त्या बाळाचा, सवाई माधवरावांचा, जन्म पहाऱ्यात झाला आणि तो पहारा त्यांच्या मरणापर्यंत उठला नाही. आई १७७७ मध्ये वारली तेव्हा मुलगा तीन वर्षांचा होता. पुढे त्याला कोण भेटणार, कोणते पत्र त्याच्यापर्यंत जाणार, शनिवारवाड्यातून तो कधी बाहेर पडणार, हे सगळे तुमच्या हुकमाने. तुम्ही त्याचे हाल केले नाहीत, उलट त्याच्यावर माया केलीत, हे मी मान्य करते. त्याला प्राण्यांची आवड होती. त्याच्या गेंड्याचे चित्र गंगाराम तांबटाने १७९० मध्ये काढले. गेंडा, सिंह आणून देता येत होते. कारभारातला एखादा निर्णय मात्र त्याला कधी दिला गेला नाही.

मग जून १७९२ मध्ये महादजी पुण्याला आले. वकील-इ-मुतलकीची वस्त्रे घेऊन आलेला, हिंदुस्थानातला त्या घडीचा सर्वांत बलाढ्य सरदार. तो हत्तीवरून उतरला, पायी चालत आला, सगळ्या मानकऱ्यांच्या खालच्या अंगाला बसला, आणि बगलेतून नवे जोडे काढून पेशव्यांच्या पायाशी ठेवले. आमच्या वडिलांचे काम हेच, म्हणाला. यातही डाव होता, हे तुम्ही ओळखलेत. पण अठरा वर्षांच्या त्या मुलाला महादजींनी आणखी एक गोष्ट दिली. ते त्याला शिकारीला नेऊ लागले, मोकळ्या रानात घोडा फेकू देऊ लागले, गप्पा मारू लागले. मुलगा खुलला. तेव्हा तुम्ही त्याच्यापुढे डोळ्यांत पाणी आणून म्हणालात की आता माझे काम झाले, मला काशीला जाऊ द्या. मुलगा गहिवरला आणि तुम्हाला सोडणार नाही असे म्हणाला.

नाना, हे डोळ्यांतले पाणी खोटे होते असे मी म्हणत नाही. पण ते उपयोगी पडले. जन्मापासून ज्याने सांभाळले तोच सोडून जातो म्हणाला, तर आई-बाप नसलेला मुलगा दुसरे काय म्हणणार? माणसाला भीतीने बांधले तर तो कधी तरी उलटतो. कृतज्ञतेने बांधले तर उलटण्याचा विचारही त्याला पाप वाटतो. तुमच्या साऱ्या युक्त्यांत मला हीच सर्वांत जबर वाटते.

महादजी फेब्रुवारी १७९४ मध्ये वानवडीला वारले. सेनापती हरिपंत फडकेही त्याच वर्षी गेले. ज्यांच्याशी तुम्हाला मसलत करणे भाग होते अशी माणसे उरली नाहीत. त्या सुमारास राघोबांचे मुलगे जुन्नरला, शिवनेरीवर, तुमच्या नजरकैदेत होते. त्यांतला बाजीराव बोलण्यात गोड, दिसायला देखणा, सवाई माधवरावांच्या जवळपासच्या वयाचा. दोघांत गुपचूप चिठ्ठ्या सुरू झाल्या. बळवंतराव नागनाथ नावाचा माणूस त्या पोचवी. तुम्ही जुन्नरला कैदी, आम्ही पुण्यात कैदी, मन मात्र दोघांचे मोकळे, असा त्यातल्या एकीचा आशय होता. चिठ्ठ्या सापडल्या. बळवंतरावाला बेड्या घालून किल्ल्यावर टाकलेत, बाजीरावाचा पहारा आणखी कडक केलात, आणि पेशव्यांची कडक शब्दांत कानउघाडणी केलीत. २५ ऑक्टोबर १७९५ ला सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या माडीवरून खाली पडले. २७ ला गेले. वय २१. तापाच्या वाताने तोल गेला की त्यांनी स्वतः उडी घेतली, यावर इतिहासकारांचे आजही एकमत नाही. पेशवे असलेल्या मुलाने स्वतःला कैदी म्हटले होते, याविषयी मात्र मतभेद नाही.

१७७४ चा पहारा आणि १७९५ चा पहारा तुम्हाला एकच वाटत होता. मुलाला जपायचे, राज्य जपायचे. या एकवीस वर्षांत कोणत्या दिवशी त्याचा तुरुंग झाला? तो दिवस तुम्हालाही दाखवता आला नसता, आणि म्हणूनच मला तुमची गोष्ट या तरुण वाचकांना सांगावीशी वाटते. ज्यांना दुसऱ्यावर अंमल बसवायचा असतो त्यांतले फार थोडे दुष्ट हेतूने सुरुवात करतात. गृहनिर्माण संस्थेचा सेक्रेटरी पाहा. सुरुवातीला कुणी काम करत नसते म्हणून तो सगळे अंगावर घेतो. इतिवृत्ताची वही त्याच्या घरी, चेकबुक त्याच्या कपाटात, पाण्याच्या टाकीच्या ठेकेदाराचा नंबर त्याच्या फोनमध्ये. पंधरा वर्षांनी नवी कमिटी निवडून येते तेव्हा त्याला विचारल्याशिवाय एक पाइप बदलता येत नाही, आणि वही मागितली की तो म्हणतो, मग मी राजीनामाच देतो. सभा गप्प बसते. शिक्षणसंस्थांत, पतपेढ्यांत, पक्षांच्या जिल्हा कार्यालयांत आणि कितीतरी घरांत मी हे पाहते. त्या माणसांची मेहनत खरी असते. बाकीचे सगळे त्याखाली लहान राहतात, हेही खरे असते.

तुमच्या पुढच्या चार वर्षांत काय झाले ते तुम्हाला मी काय सांगायचे. बाजीरावाला बाजूला ठेवण्याच्या खटपटी, त्याच्या धाकट्या भावाचे, चिमाजीअप्पाचे, दत्तकप्रकरण, तुमचे महाडला निघून जाणे, तिथून रचलेले ते अफाट कारस्थान, आणि शेवटी ज्याला टाळायचे होते त्याच बाजीरावाला डिसेंबर १७९६ मध्ये गादीवर बसवणे. डाव एकेक पाहिला तर थक्क व्हायला होते. पण आता तो कशासाठी होता, हे सांगणे तुम्हालाही अवघड गेले असते. ३१ डिसेंबर १७९७ ला शिंद्यांच्या फौजेतल्या मायकेल फिलोजच्या शब्दावर विश्वासून तुम्ही महादजींच्या गादीवर आलेल्या दौलतराव शिंद्यांच्या छावणीत गेलात आणि कैद झालात. बापूंना, चुलतभाऊ मोरोबांना, बाजीरावाला किल्ल्यांवर ठेवणारे तुम्ही नगरच्या किल्ल्यात जाऊन पडलात. सुटून आलात, १३ मार्च १८०० ला गेलात. तुम्ही असेपर्यंत इंग्रजांची तैनाती फौज पुण्यात शिरू दिली नाहीत, याचे श्रेय तुमचेच. तुमच्या कैदेला बरोबर पाच वर्षे झाली त्या तारखेला, ३१ डिसेंबर १८०२ ला, बाजीरावाने वसईला सही करून ती आत घेतली. तिला अडवील असा माणूस दौलतीत नव्हता, कारण पंचवीस वर्षांत तसा कुणी तयार होऊ दिला गेला नव्हता.

एक गोष्ट मात्र मला तुम्हालाच विचारायची आहे. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला निजामाचा पराभव झाला. सगळे सरदार तुमच्या निशाणाखाली एकत्र आलेले, छावणीत आनंदीआनंद, आणि तरुण पेशवे मात्र उदास. तुम्ही कारण विचारलेत. इतिहासकार ग्रँट डफने त्यांचे उत्तर नोंदवले आहे. मोगल, म्हणजे निजामाचे लोक, इतक्या लाजिरवाण्या रीतीने शरण आले, आणि आपले लोक जो विजय कष्टाविना मिळाला त्याच्या एवढ्या बढाया मारताहेत, दोन्हीकडे आलेल्या या हीनपणाचे आपल्याला वाईट वाटते, अशा अर्थाचे ते बोलले. एकविसाव्या वर्षी, कुणी न शिकवता, त्या मुलाने दौलतीच्या दुखण्यावर बोट ठेवले होते. पुढे आठ वर्षांनी इंग्रजांशी झालेल्या असई आणि अडगावच्या लढायांत जे दिसले ते त्याला त्या छावणीत दिसत होते. नाना, त्यावर तुम्ही काय म्हणालात? मग आपण काय करावे, असे त्याला विचारलेत का?



आपल्या दफ्तराची एक वाचक